कंपन्यांचं दान, त्याचा फोटो आणि नंतरचं तिसरं वर्ष

पाटीपेन्सिल (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

आर्थिक वर्ष संपत आलं की आमच्या भागातल्या शाळांना अचानक देणगीदार भेटायला लागतात. दप्तरं, बाक, पाणी शुद्ध करायचं यंत्र, कधी चार-दोन संगणक. सोबत कंपनीचा बॅनर, एकसारखे टी-शर्ट घातलेली माणसं आणि फोटोवाला. दुसऱ्या दिवशी पेपरात तालुक्याच्या पानावर बातमी येते आणि कंपनीच्या फेसबुकवर फोटोंचा रतीब सुरू होतो. मग आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर दरवर्षीचा वाद पेटतो. एक बाजू म्हणते, देतायत ना, मग हेतू कशाला तपासायचा? दुसरी म्हणते, हे दान नव्हे, जाहिरात आहे, आणि आपली पोरं त्यात फुकट राबतायत.

मी वाशीम जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. माझं मत आधीच सांगून टाकते. कंपनीच्या पोटात शिरून तिचा हेतू कुणालाच बघता येत नाही, त्यामुळे त्यावर कितीही भांडलं तरी हाती काही लागत नाही. बघता येतं ते एवढंच, की फोटो काढून झाल्यावर तिसऱ्या वर्षी ती वस्तू कोण सांभाळतंय.

आमच्या व्हरांड्यात असंच एक आरओ यंत्र आहे. स्टीलची टाकी, तीन नळ, वर निळ्या अक्षरांत कंपनीचं नाव. पहिलं वर्ष पोरं रांग लावून पाणी प्यायली. आमच्याकडे बोअरचं पाणी, त्यात क्षार भरपूर. दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत मेम्ब्रेन, म्हणजे आतली पाणी गाळणारी जाळी, चोंदली आणि धार सुतासारखी झाली. मेकॅनिकने उघडून दाखवलं तेव्हा आत पांढरा थर नखाने खरवडून निघत होता. नवीन मेम्ब्रेन, फिल्टर, मजुरी धरून काही हजारांचा आकडा त्याने सांगितला. समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेतून आमच्या पटाच्या शाळेला वर्षाला २५ हजारांचं संयुक्त अनुदान मंजूर असतं, आणि त्यातच वीजबिल, खडू, स्टेशनरी, रंगरंगोटी, दुरुस्ती. कंपनीला फोन केला तर उत्तर मिळालं, यंत्र आता शाळेच्या मालकीचं आहे. कागद काढून बघितला, खरंच तसं लिहिलेलं होतं. आता यंत्राचे नळ आम्ही काढून ठेवलेत, कारण लहान वर्गातली मुलं सवयीने उघडून तोंड लावतात.

शेजारच्या केंद्रातल्या एका शाळेतही असंच यंत्र आहे. दुसऱ्या कंपनीचं. फलक आमच्याहून मोठा, रिबन कापायला पाहुणे आणलेले, कार्यक्रम दोन तास चाललेला. पण यंत्राला एक पुठ्ठ्याचं कार्ड लटकवलंय, त्यावर दर तीन महिन्यांनी सर्व्हिसिंगची तारीख आणि सही. करारातच तीन वर्षांची देखभाल घातलेली आहे. ते यंत्र चालू आहे.

गाजावाजा दोन्हीकडे झाला. म्हणून विचारते, आपण चुकीच्या जागी बोट ठेवतोय का? इथे कंपन्यांत काम करणारे, हिशेब बघणारे, गावाकडचे, परदेशातले सगळेच आहेत. तुमचे अनुभव लिहा.

---

कोरडवाहू

ताई, धागा चांगला आहे, पण तुमच्याशी अर्धाच सहमत. यंत्र चाललं म्हणून गाजावाजा माफ, हे मला पटत नाही.

घेणाऱ्याची काही किंमत असते की नाही? पोरांना उन्हात उभं करायचं, हातात दप्तर द्यायचं, दप्तरावरचं कंपनीचं नाव कॅमेऱ्याकडे करायला लावायचं, एका सुरात ‘थँक यू’ म्हणवून घ्यायचं. दोनदा, कारण पहिल्या वेळी आवाज बारीक आला. हे मी माझ्या पुतणीच्या शाळेत बघितलंय. त्या मुलीचा चेहरा कुठल्या अहवालात छापला, तिच्या बापाला कुणी विचारलं? शहरातल्या इंग्रजी शाळेत विचारल्याशिवाय मुलांचे फोटो टाकून बघा, पालक दुसऱ्या दिवशी फाटकावर येतील. गरिबाच्या पोराचा चेहरा मात्र सगळ्यांच्या बापाचा.

२०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडे मदतीच्या धान्याच्या पाकिटांवर नेत्यांचे फोटो चिकटवले होते. तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राने शिव्या घातल्या. ते धान्य खाण्यालायक होतं, लोकांच्या पोटात गेलंच असेल. तरी आपल्याला राग आला ना? मग तोच राग कंपनीच्या फलकावर का येत नाही?

---

ताळेबंद

सीए आहे, पुण्यात. कंपन्यांच्या सीएसआरचे, म्हणजे सामाजिक कामावरच्या खर्चाचे, हिशेब तपासण्यात बरीच वर्षं गेली. वादात उडी घेण्याआधी कायदा काय म्हणतो ते लिहितो, कारण अर्धे गैरसमज तिथेच आहेत.

कंपनी कायदा २०१३, कलम १३५. १ एप्रिल २०१४ पासून लागू. आदल्या वर्षी नक्त मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यापैकी काहीही एक ओलांडलं की कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची. सुरुवातीला ‘खर्च करा, नाहीतर कारण सांगा’ असं होतं. २२ जानेवारी २०२१ पासून दात आले: चालू प्रकल्पाचे, म्हणजे एकाहून जास्त वर्षं चालणाऱ्या कामाचे, पैसे उरले तर वेगळ्या बँक खात्यात टाका आणि तीन वर्षांत संपवा, नाहीतर सरकारी निधीत भरा. तेही केलं नाही तर दंड, म्हणजे उरलेल्या रकमेच्या दुप्पट किंवा १ कोटी, यातलं जे कमी असेल ते.

तेव्हा ताईंच्या शाळेत गाड्या मार्चमध्येच का येतात, याचं उत्तर यात आहे. ३१ तारखेच्या आत पैसे खर्ची पडलेले दिसायला हवेत.

दुसरी गोष्ट प्रसिद्धीची. संचालकांच्या अहवालात सीएसआरचा तपशील देणं आणि प्रकल्पांची यादी संकेतस्थळावर टाकणं बंधनकारक आहे. म्हणजे जाहीर करायला कायदाच सांगतो. पण आपल्या मालाच्या विक्रीला फायदा व्हावा म्हणून दिलेली प्रायोजकता सीएसआर धरली जात नाही. मॅरेथॉन, पुरस्कार सोहळे, जाहिराती, टीव्ही कार्यक्रमांचं प्रायोजकत्व असे एकेकटे कार्यक्रम २०१४ च्या परिपत्रकानेच बाहेर काढलेत. प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे. पेपरात पानभर जाहिरात द्यायची तर ती मार्केटिंगच्या खिशातून.

आणि तिसरी, ताईंच्या यंत्राशी थेट संबंध असलेली. २०२१ च्या नियमांनुसार सीएसआरच्या पैशातून उभी राहिलेली मालमत्ता कंपनीला स्वतःच्या नावावर ठेवता येत नाही. ती सार्वजनिक संस्थेकडे, नोंदणीकृत सामाजिक संस्थेकडे किंवा लाभार्थींच्या गटाकडे जायला हवी. हेतू चांगला आहे, कंपन्यांनी समाजाच्या नावावर स्वतःच्या इमारती बांधू नयेत. पण मालकी आली की देखभालही शाळेच्या गळ्यात येते. प्रकल्प सुरू झालेलं वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत चालवायची मुभा त्याच नियमांत आहे, म्हणजे देखभाल करारात घालायला कायद्याची काही आडकाठी नाही. शेजारच्या शाळेतल्या कंपनीने तेच केलं. तुमच्या कंपनीला ते करावंसं वाटलं नाही, एवढाच फरक.

---

मृदगंध

उत्तम माहिती. पण मग एक भाबडा प्रश्न: जे कायद्याने द्यावंच लागतं त्याला दान का म्हणायचं? मी आयकर भरते तेव्हा माझ्या नावाचा फलक कुणी लावत नाही.

---

परळकर

+१ मृदगंध.

---

ताळेबंद

@मृदगंध, प्रश्न भाबडा अजिबात नाही. मी याला दान म्हणतच नाही. आयकर कायद्यातही २०१४ साली स्पष्टीकरण घालून टाकलंय की सीएसआरचा खर्च हा धंद्याचा खर्च म्हणून वजा करता येणार नाही. म्हणजे सरकारच्याही लेखी तो नफ्यातला वाटा आहे.

यावर एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. कोलंबिया विद्यापीठ आणि हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसच्या दोन अभ्यासकांनी कायदा येण्याआधीपासून स्वखुशीने खर्च करणाऱ्या कंपन्या तपासल्या. कायदा आल्यावर त्यांचा तो खर्च कमी झाला. आणि त्याच कंपन्यांचा जाहिरातीवरचा खर्च वाढला. याचा अर्थ लावायला अर्थशास्त्री लागत नाही. आधी फक्त काहीच कंपन्या देत होत्या तेव्हा देण्याने नाव होत होतं. सगळ्यांनाच सक्ती झाल्यावर नाव होईना, मग नावासाठीचे पैसे जाहिरातीकडे वळले. म्हणजे त्या जुन्या ‘स्वखुशी’त काही भाग जाहिरातीचाच होता.

मालकाने स्वतःची संपत्ती देणं मात्र वेगळं धरतो. अझीम प्रेमजींनी मार्च २०१९ मध्ये विप्रोतल्या आणखी ३४ टक्के शेअरचं उत्पन्न आपल्या फाउंडेशनच्या कामाला लावलं, तेव्हाच्या भावाने ५२,७५० कोटी. त्याला दोन टक्क्यांच्या रांगेत बसवणं अन्यायाचं होईल.

---

ससूनरोड

हेतू शुद्ध हवा, पैसा शुद्ध हवा, असं म्हणणाऱ्यांनी मुंबई-पुण्यातली जुनी सरकारी इस्पितळं आठवावीत.

जे.जे. हॉस्पिटल १८४५ चं. सर जमशेटजी जीजीभाईंनी मोठी देणगी दिली, नाव लागलं, ब्रिटिशांनी त्यांना ‘सर’ हा किताब दिला, पुढे १८५७ साली बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताबही दिला. त्यांच्या संपत्तीचा मोठा भाग चीनशी चाललेल्या अफूच्या व्यापारातून आला. पुण्याचं ससून १८६७ चं. डेव्हिड ससून यांच्या घराण्याचा व्यापार कापसाचा तसाच अफूचाही. त्या अफूने चीनमध्ये काय केलं ते इतिहासात आहे. आणि जे.जे.-ससूनमध्ये गेली दीडशे वर्षं खेड्यापाड्यातला, खिशात काही नसलेला माणूस बरा होऊन घरी जातोय, हेही आहे. माझे आजोबा ससूनमधून चालत घरी आले. त्यांना कुणी सांगितलं असतं की ही इमारत अफूच्या पैशाची, तर ते खाटेवरून उठले असते का?

चीनच्या माणसाचा हिशेब यातून फिटला असं मी म्हणत नाही. तो फिटत नाही. पण देणाऱ्याचा सन्मान आणि दिलेल्या वस्तूचा उपयोग या दोन वेगळ्या वह्या आहेत.

अटींचंही बघा. मुंबईचं केईएम हॉस्पिटल १९२६ साली सुरू झालं. त्याला जोडलेल्या सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजच्या देणगीला विश्वस्तांनी अट घातली होती की शिकवणारे भारतीयच हवेत, आणि तेही सरकारी नोकरीतले नकोत. त्या काळी वैद्यकीय शिक्षणातल्या मोठ्या जागा गोऱ्या डॉक्टरांकडे. नाव लावायची अट होतीच, पण त्याच्या जोडीला ही. माहीमचा कॉजवे, म्हणजे माहीम-वांद्रे जोडणारा रस्ता, तोही तसाच. लेडी अवाबाई जमशेटजींनी १ लाख ५७ हजार रुपये दिले, आणि जाणाऱ्या-येणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही असं बजावलं. आजच्या देणगीदारांकडून मला अशा अटी बघायच्या आहेत.

---

सातासमुद्रापार

ससूनरोड, तुमची पोस्ट आवडली, पण ‘दोन वेगळ्या वह्या’ म्हणून मोकळं होता येत नाही. कधी कधी पहिली वही झाकायलाच दुसरी उघडलेली असते. मी न्यू जर्सीत असते, इकडची दोन उदाहरणं देते.

फिलिप मॉरिस ही सिगारेट कंपनी. १९९९ साली त्यांनी समाजकार्याला ७.५ कोटी डॉलर दिले. आणि ते दिले हे लोकांना सांगायला जाहिरातींवर १० कोटी डॉलर घातले. इथे मला हेतू शोधायला कुणाच्या मनात शिरावं लागत नाही, दोन आकडे शेजारी ठेवले की पुरे.

दुसरं सॅकलर कुटुंबाचं. त्यांच्या पर्ड्यू फार्माने १९९६ साली ऑक्सिकॉन्टिन ही वेदनाशामक गोळी बाजारात आणली. ती किती सवय लावते याबद्दल दिशाभूल केल्याचा गुन्हा कंपनीने २००७ साली कोर्टात कबूल केला. माझ्या शेजारणीचा मुलगा पाठीच्या ऑपरेशननंतर अशाच गोळ्यांत अडकला. त्याच काळात जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत सॅकलर नावाची दालनं होती. शाळेच्या सहली तिथे जायच्या, मुलांच्या डोक्यात ते नाव कलेशी जोडलं जायचं. व्यसनातून बाहेर पडलेली नॅन गोल्डिन ही छायाचित्रकार संग्रहालयांतच निदर्शनं करत राहिली, तेव्हा कुठे पॅरिसच्या लूव्रने २०१९ मध्ये आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनने डिसेंबर २०२१ मध्ये ते नाव उतरवलं. नाव लावताना त्या कुटुंबाला जे मिळालं ते माणसं मरत होती त्या सगळ्या वर्षांत वापरलं गेलं.

म्हणून तंबाखू कंपन्यांच्या ‘समाजकार्या’वर जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू करारात वेगळी सूचना आहे, ते जाहिरातच समजून बंद करा म्हणून. भारतानेही त्या करारावर सही केलेली आहे.

---

कोरडवाहू

सातासमुद्रापार, शंभर टक्के. आमच्याकडचं सांगतो. नाव घेत नाही. एमआयडीसीतला एक कारखाना रात्री ओढ्यात पाणी सोडतो. सकाळी ओढ्याला फेस, उन्हं चढली की वास. खालच्या अंगाच्या विहिरीचं पाणी जनावर तोंडाला लावत नाही. त्याच कारखान्याने गावाला सभामंडप बांधून दिला आणि दहावीत पहिल्या आलेल्या पोरांना सायकली. ग्रामसभेत ओढ्याचा विषय काढला की चार डोकी मंडपाकडे बोट दाखवतात. ‘धर्माची गाय आणि दात का नाय’ असं ऐकवून गप्प बसवतात. मंडपाचा खर्च असा वसूल झाला.

अशा ठिकाणी तुमचा तिसऱ्या वर्षाचा नियम काय करेल, ताई? मंडप तर दणकट आहे, पन्नास वर्षं टिकेल.

---

चौथा_मजला

एका मोठ्या कंपनीच्या सीएसआर विभागात होतो, आता नाही. आतलं थोडं सांगतो.

आमच्या विभागात सहा माणसं. चौघं समाजकार्याची पदवी घेऊन आलेली, तीन-तीन वर्षं आदिवासी भागात काम केलेली. ती मनापासून काम करत होती, यात मला तिळमात्र शंका नाही. पण दर तिमाहीला वरच्या मजल्यावर सादरीकरण असायचं. तिथे किती मुलांचं वजन वाढलं हे कुणी विचारत नसे. पहिला प्रश्न, ‘कव्हरेज काय मिळालं?’ त्यामुळे पुढच्या वर्षी पोषणाच्या कामाला पैसे मिळावेत म्हणून विभागातल्या याच माणसांना आधी फोटो जमवावे लागत. बाहेरच्याला दिसतो तो मिरवणारा फोटो, आणि तो काढणारी मुलगी तिथल्या अंगणवाडीसाठी जीव तोडून भांडून आलेली असते. मनापासून की स्वार्थासाठी, असा प्रश्न विचारला तर कंपनीच्या बाबतीत उत्तर दोन्ही. एकाच मजल्यावर दोन्ही बसलेलं असतं.

देखभालीचं ताईंनी लिहिलं ते अगदी खरं. उद्घाटनाचा फोटो निघतो, मेम्ब्रेन बदलल्याचा निघत नाही. त्यामुळे देखभालीची ओळ अंदाजपत्रकातून सगळ्यात आधी उडते. आम्ही ती ‘प्रशिक्षण’ या नावाखाली लपवून मंजूर करून घ्यायचो. परिणाम तपासणीची सक्तीही सरसकट नाही. ज्या कंपनीची सीएसआरची सरासरी रक्कम १० कोटी किंवा जास्त आहे, तिच्या १ कोटी किंवा जास्तीच्या प्रकल्पांनाच ती लागू. शाळेतलं एक यंत्र त्यात कधीच येणार नाही.

अजून एक. पैसा जातो कुठे ते बघा. देशभरात सीएसआरचा खर्च २०१४-१५ ला साधारण १० हजार कोटी होता, २०२२-२३ ला जवळपास ३० हजार कोटी झाला. राज्यांत महाराष्ट्र सगळ्यात वर, त्या वर्षी ५ हजार कोटींच्या पुढे. पण कायद्यात कंपनीच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्या असं म्हटलंय, आणि कंपन्या आहेत मुंबई, पुणे, रायगड, ठाण्यात. महाराष्ट्रातले चार आकांक्षित, म्हणजे केंद्राने मागे पडलेले म्हणून निवडलेले, जिल्हे म्हणजे नंदुरबार, गडचिरोली, धाराशिव आणि ताईंचा वाशीम. तिथे कारखानेच कमी, मग ‘आसपास’ कोण असणार? आम्ही दरवर्षी नंदुरबारचा प्रस्ताव न्यायचो. उत्तर ठरलेलं: ‘साहेबांना भेट द्यायला लांब पडतं.’

---

मृदगंध

‘साहेबांना लांब पडतं’ वाचून वाईट वाटलं. आमच्याकडे जुनी माणसं म्हणायची, उजव्या हाताने दिलेलं डाव्या हाताला कळू नये. कंपन्यांनीही गुप्तदान करावं ना. फोटोच नसेल तर साहेबांची भेट नको आणि लांब-जवळही नको.

---

परळकर

गुप्तदान माणसाला शोभतं, कंपनीला नाही. माझ्या खिशातले शंभर रुपये मी कुणालाही न सांगता द्यावेत. कंपनीचा पैसा भागधारकांचा, कामगारांच्या घामाचा. तो कुठे दिला हे लपवायचा तिला हक्कच नाही. कंपन्यांनी गुपचूप दिलं की काय होतं हे निवडणूक रोख्यांत बघितलं. सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ते रद्द केले ते माहितीच्या हक्कासाठीच. शाळेतला फलक निदान सांगतो की कुणाला फोन करायचा.

आणि नावाची हौस काय फक्त कंपन्यांना आहे? आपल्या देवळात वर बघा, पंख्याच्या पात्यांवर नावं. फरशीवर नावं, पाणपोईवर नावं, ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’. पंखा वारा देतोय तोवर कुणी तक्रार करत नाही.

माझं घर टाटा हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला. लहानपणापासून फूटपाथवर झोपलेले पेशंट आणि त्यांचे नातेवाईक बघत आलोय. बिहार, बंगाल, आपला मराठवाडा, कुठून कुठून येतात. दोराबजी टाटांची पत्नी मेहरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेली, आणि टाटा ट्रस्टने २८ फेब्रुवारी १९४१ ला हे हॉस्पिटल उघडलं. १९५७ साली केंद्राच्या आरोग्य खात्याने ते घेतलं, १९६२ पासून ते अणुऊर्जा खात्याकडे आहे. म्हणजे गेली साठ वर्षं मुख्य भार सरकारी तिजोरीचा, आणि प्रत्येकाच्या तोंडी मात्र ‘टाटा’. कुणी म्हणेल, किती स्वस्तात नाव मिळालं. मला तसं वाटत नाही. कर्करोग म्हणजे मरण असं लोक धरून चालायचे तेव्हा कुणी या रोगासाठी वेगळं हॉस्पिटल काढायचं धाडस करत नव्हतं. पहिलं पाऊल ट्रस्टने टाकलं आणि पुढे सरकारला सोपवताना ते चालेल अशा हातात दिलं. पाटीपेन्सिल ताईंच्या मुद्द्याला हे माझं उत्तर: मेहेरबानी कितीही मोठी असो, पुढे चालवणारा हात आधी ठरलेला हवा.

---

सातासमुद्रापार

परळकर, छान लिहिलंत. फक्त एक भर. तिथे मालकीचीच बांधणी वेगळी आहे. टाटा सन्सचे सुमारे ६६ टक्के शेअर ट्रस्टांकडे, म्हणजे लाभांशाचा मोठा वाटा आपोआप तिकडे जातो. दरवर्षी कुणा साहेबाच्या मर्जीवर सोडलेलं नाही. तुलना करताना हे लक्षात ठेवायला हवं.

---

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे आभार. शाळा सुटल्यावर एका बैठकीत सगळे प्रतिसाद वाचले.

@कोरडवाहू, चेहऱ्याचा मुद्दा पूर्ण मान्य आणि तो मी शाळा व्यवस्थापन समितीपुढे मांडलाही. यापुढे वस्तू स्वीकारताना फोटोत वस्तू, समितीचे सदस्य आणि मुख्याध्यापक. मुलं वर्गात. समितीतल्या दोन आयांनी हा ठराव लगेच उचलून धरला. एकीने सांगितलं की तिच्या मुलीचा तुटक्या चपलेतला फोटो नातेवाइकांच्या मोबाईलवर फिरला होता आणि पोरगी दोन दिवस शाळेत आली नाही. मला हे त्या दिवशी कळलं.

तुमच्या ओढ्याचं म्हणाल, तर तिसऱ्या वर्षाचा नियम तिथे अपुरा आहे हे खरं. पण मी मंडप नाकारा म्हणणार नाही. मंडप गावाचा झालाय, त्यावर कारखान्याचा हक्क नाही. त्याच मंडपात बसून ओढ्याच्या पाण्याचा नमुना तपासायचा ठराव करा. घेतलं म्हणून मिंधं व्हायचं नाही, आणि हे देणाऱ्याच्या हेतूपेक्षा आपल्या कण्यावर अवलंबून आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार ग्रामपंचायतीच्या ठरावासकट गेली की तिला वजन येतं.

@चौथा_मजला, वाशीम लांब पडतं हे आम्हाला माहीत होतं, ते तुम्ही आतून सांगितलंत याचं बरं वाटलं आणि रागही आला.

@ताळेबंद, दोन आठवड्यांनी आमच्याकडे पुन्हा एक कंपनी येतेय. डिजिटल वर्ग देणार म्हणतात. सही करण्याआधी कागदात काय लिहून घ्यायचं ते सांगाल का?

---

ताळेबंद

नक्की. कंपनीचा छापील करार असेल तरी त्याला जोडपत्र लावायचा आग्रह धरा. त्यात देखभाल किती वर्षं, कोण करणार, तक्रार केल्यापासून किती दिवसांत माणूस येणार, आणि सुट्या भागांचा खर्च कुणाचा, हे आकड्यांत लिहून घ्या. ‘आवश्यकतेनुसार सहकार्य केले जाईल’ असं वाक्य दिसलं की खोडा, त्याला काही अर्थ नसतो. डिजिटल वर्गात सॉफ्टवेअरचा परवाना किती वर्षांचा आहे हे हमखास विसरलं जातं, वर्षभराने पडदा नुसता भिंतीला लटकतो. वीजबिल वाढणार आहे त्याचंही बोला, तुमच्या २५ हजारांतून ते भागणार नाही. फलकावर कंपनीच्या नावाखाली देखभालीचा फोन नंबर आणि कराराची मुदत लिहायला सांगा. नाव लावायला त्यांना आवडतंच, त्याच फलकावर जबाबदारी येऊ दे.

पैसे मार्चमध्ये आणि काम सुरू जूनमध्ये, असं असेल तर ‘चालू प्रकल्प’ म्हणून नोंदवायला सांगा. त्यांच्याही सोयीचं आहे, घाई करावी लागत नाही.

---

कोरडवाहू

ताई, नमुना तपासणीचं मनावर घेतलं. ग्रामसभा १ मेला आहे. ठरावाचा मसुदा कुणाकडे असेल तर इथे टाका.

---

चौथा_मजला

@कोरडवाहू, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. बाटलीत नमुना घेताना पंचनामा करा, वेळ आणि जागा लिहा, रात्रीचा नमुना वेगळा ठेवा. नाहीतर ‘पाणी कुठून आणलं’ इथेच तक्रार अडकते.

---

मृदगंध

धागा वाचनखूण साठवला. माझ्या आईच्या गावच्या शाळेला पुढच्या महिन्यात सौर पॅनेल मिळणार आहेत, बॅटरीसकट. ताळेबंद काका, वरचं सगळं त्याला लागू होईल ना?

---

ताळेबंद

लागू होईल. शिवाय बॅटरीचं बिल आणि वॉरंटी कार्ड कुणाच्या नावावर आहे ते ताबा घेण्याआधी बघायला सांगा. बहुतेक वेळा ते कंपनीच्या नाहीतर मधल्या संस्थेच्या नावावर असतं, आणि बॅटरी बिघडल्यावर दुकानदार शाळेला दारात उभं करत नाही. ताबा घेण्याआधीच नाव बदलून शाळेचं करून घ्यायला फक्त एक पत्र लागतं.